बारा महिन्यांचा तडा

घरात तिला ठकू म्हणत. ऑफिसात ती मॅडम होती. रस्ते आणि पूल विभागात अकरा वर्षं काढलेली इंजिनीअर. शनिवार-रविवार मात्र ती कॉलेजात मागच्या बाकावर बसायची, वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी एका मुलीनं तिला शिक्षिका समजून हजेरीचा कागद आणून दिला होता.

पदव्युत्तर पदवी घेऊन पगारात फरक पडणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. अकरा वर्षं तिनं पुलांच्या तपासणीचे फॉर्म भरले होते. ‘स्थिती : बरी’, ‘स्थिती : मध्यम’. पण एखादा पूल बरा कशामुळे असतो, हे आपल्याला नीटसं कळलेलं नाही, ही गोष्ट तिला आतून टोचायची. म्हणून तिनं प्रबंधासाठी गावाबाहेरच्या नदीवरचा जुना दगडी पूल निवडला. चार कमानी होत्या. मधल्या खांबात पुरुषभर लांबीचा एक उभा तडा होता.

काम सोपं होतं, फक्त चिकाटीचं. तड्याच्या दोन्ही बाजूंना तिनं एकेक पितळी खुंटी बसवली. रोज सकाळी नऊ वाजता कॅलिपरनं त्या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायचं, तापमान बघायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. असं बरोबर बारा महिने. थंडीत दगड आकसतो, तडा उघडतो. उन्हाळ्यात दगड फुगतो, तडा मिटतो. बारा महिन्यांनी आकडा सुरुवातीच्या जागी परत आला, तर पूल नुसता श्वास घेतोय. परत आला नाही, तर तडा वाढतोय. वर्षभराशिवाय यातलं काहीच सांगता येत नाही. तिच्या मार्गदर्शक बाईंनी हे पहिल्याच बैठकीत तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

रोज नऊ वाजता ती स्वतः मात्र पुलावर असू शकत नव्हती. नऊला तिला साइटवर हजर राहावं लागे. तेव्हा अप्पा पुढे आले. अप्पा तिचे वडील, चाळीस वर्षं शिंपीकाम केलेले. आई गेल्यावर घरात दोघंच होते आणि सकाळ कशी घालवायची हा अप्पांपुढचा रोजचा प्रश्न होता.

“मला शिकव,” ते म्हणाले. “सुताचा फरक माझ्या नजरेतून सुटलेला नाही आजवर.”

“अप्पा, हे सुतात नाही, मिलिमीटरच्या दहाव्या भागात आहे.”

“मग काय झालं? बारीक गिऱ्हाईक समजायचं.”

आठवडाभरात त्यांचे आकडे तिच्याहून नेमके यायला लागले. मोजताना ते श्वास रोखून धरायचे. वहीत तारखेसमोर आकडा आणि त्याच्या शेजारी एखादा शब्द असायचा : ‘धुकं’, ‘वारा’, ‘गुडघा’. गुडघा म्हणजे त्या दिवशी उतरताना त्यांचा गुडघा दुखला होता. प्रबंधाच्या तक्त्यात हा रकाना कुठे घालावा हे ठकूला सुचेना.

खुंट्यांमधले ठरलेले शंभर मिलिमीटर सोडून पहिल्या दिवशी आकडा होता एक पॉइंट आठ. थंडी वाढली तसा तो चढत गेला आणि चौथ्या महिन्यात दोन पॉइंट सहावर पोहोचला. पूल तिच्याच विभागाच्या मालकीचा असल्यानं आकड्यांची एक प्रत दर महिन्याला ऑफिसात द्यायची, या अटीवर तिला परवानगी मिळाली होती. ती इमानेइतबारे प्रत देत होती. पाचव्या महिन्यापासून आकडा उतरायला लागला. नवव्या महिन्यात, कडक उन्हात, तो एक पॉइंट पाच झाला. अप्पांनी त्या दिवशी आकड्याशेजारी ‘छान’ लिहिलं.

त्याच आठवड्यात तिच्या टेबलावर आदेश आला. पूल धोकादायक ठरवून महिन्याभरात पाडायचा होता. सोबत कारण जोडलं होतं, ते म्हणजे तिचाच पहिल्या चार महिन्यांचा तक्ता. एक पॉइंट आठपासून दोन पॉइंट सहापर्यंत, खाली लाल रेघ. आणि कामावर देखरेखीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या जागी तिचंच नाव.

ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. कॉलेजच्या परीक्षांसाठी रजा देताना त्यानं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

“साहेब, हा तक्ता अर्धा आहे. पुढच्या महिन्यांत तडा मिटलाय. सगळे आकडे तुमच्याकडेच आहेत.”

“आले असतील. फाइल चौथ्या महिन्यात वर गेली, मॅडम. वरून सही होऊन आली.”

“मग कळवू या ना वर. तीन महिने थांबा म्हणावं. वर्ष पूर्ण होऊ दे.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कळवतो. तुम्ही एक करा. पूल सुरक्षित आहे असं एका ओळीत लिहून द्या, खाली सही करा. आत्ता पाठवतो.”

त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. टोमणा मारावा असं ते बोलत नव्हते, खरंच विचारत होते. ठकूनं पेन उचललं. ‘सुरक्षित’ हा शब्द तिला लिहिता येईना. तीन महिन्यांनी आकडा एक पॉइंट आठवर आला असता की दोनवर, हे तिला माहीत नव्हतं. ते माहीत व्हावं म्हणून तर तीन महिने हवे होते.

“असं आत्ता नाही लिहिता येणार,” ती म्हणाली.

“मग मी तरी काय लिहू?” साहेब म्हणाले. “उद्या एक दगड कोणाच्या डोक्यात पडला, तर मी त्यांना सांगू का, की आमच्या मॅडमचा अभ्यास चालू आहे?”

तिनं पेन खाली ठेवलं. त्यांच्या जागी असती तर तीही हेच म्हणाली असती, आणि सगळ्यात जास्त तिला हेच लागलं.

शनिवारी ती बाईंना भेटली. बाईंनी आदेश दोनदा वाचला, घडी करून परत दिला.

“विषय बदलायला वेळ आहे का?”

“नाही. माझ्या नोंदणीचं हे शेवटचं वर्ष आहे.”

“मग आहे तेवढं लिही. पण निष्कर्ष काढायचा नाही. नऊ-दहा महिन्यांवर पूल चांगला होता असं लिहिलंस तर मी सही करणार नाही. वाईट होता असं लिहिलंस तरी नाही.”

“मग शेवटच्या प्रकरणात काय लिहू?”

“निष्कर्ष काढता येत नाही, असं लिही,” बाई म्हणाल्या. जरा वेळानं त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. दोन वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच केलं होतं.

घरी अप्पांना सांगायला तिला दोन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, “पाडायला सुरुवात कधी?”

“पुढच्या महिन्याच्या सात तारखेला.”

“म्हणजे सहापर्यंत मोजायचं.”

“आता मोजून काय करायचंय, अप्पा?”

“तू सांगितलेलंस, रोज मोजायचं म्हणून,” ते म्हणाले आणि वही घेऊन आत गेले.

सात तारखेला पुलावर तोडायचं मशीन उभं राहिलं. दोन्ही टोकांना पत्रे लावून रस्ता बंद केला होता. ठकू डोक्यावर हेल्मेट घालून मशीनवाल्याला कुठून सुरुवात करायची ते दाखवत होती. नऊला पाच मिनिटं कमी असताना अप्पा पत्र्याच्या फटीतून आत आले. हातात वही आणि कॅलिपर. पहारेकरी त्यांना अडवायला धावला.

“अप्पा, इथं यायला बंदी आहे,” ठकू म्हणाली.

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“तुम्ही सहापर्यंत म्हणालात.”

“मशीन अजून चालू कुठे झालंय?”

मशीनवाल्यानं तिच्याकडे बघितलं. नियमानं तिनं नाही म्हणायला हवं होतं. तिनं आपलं हेल्मेट काढून अप्पांच्या डोक्यावर ठेवलं आणि त्यांच्या कोपराला धरून खांबापर्यंत उतरवलं. अप्पांनी श्वास रोखला, कॅलिपर लावला, वाचला, पुन्हा लावला.

“एक पॉइंट सहा,” ते म्हणाले. तिनं वहीत लिहून घेतलं.

पूल दोन दिवसांत पडेल असा अंदाज होता. सहा दिवस लागले. दगडांमधला चुना मशीनला दाद देईना. तिसऱ्या दिवशी मशीनवाला खाली उतरून घाम पुसत तिला म्हणाला, “मॅडम, हा आजारी होता म्हणता? माझ्या मशीनचे दोन दात तोडले ह्यानं.”

मधला खांब फुटला तेव्हा ती जवळ गेली. तडा वीतभर आत जाऊन संपला होता. त्यामागे दगड आणि चुना एकजीव, आतून ताजे वाटावेत असे. तिनं फोटो काढले, टेप लावून खोली मोजली आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं घेऊन ऑफिसातल्या कारकुनाकडे गेली.

“हे पुलाच्या फाइलला जोडायचंय.”

त्यानं कपाट उघडून बघितलं. “ती फाइल बंद झाली मॅडम. पूल नाही म्हटल्यावर फाइल कशाची?” मग तिचा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाला, “ठेवा माझ्याकडे. कुठेतरी लावतो.” त्यानं ते कुठे लावलं, हे पुढे कधी कळलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, कानाला यंत्र लावलेले. त्यांनी प्रबंध शेवटच्या पानापासून वाचला असावा.

“सगळं छान मांडलंय. पण निष्कर्ष नाही. दहाव्या महिन्यात का थांबलात?”

“पूल पाडला, सर.”

“अरेरे. कोणी?”

ठकूनं बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“मी,” ती म्हणाली.

परीक्षकांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी यंत्र हलवून बसवलं आणि पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी तापमानावर दोन सोपे प्रश्न विचारले आणि तिला पास केलं. श्रेणी साधारण आली.

अप्पांनी प्रमाणपत्र उजेडात धरून त्याच्या कडा बघितल्या, छपाई सरळ आहे म्हणाले. सकाळी नऊ वाजता ते आता अंगणात खुर्ची टाकून बसतात. एकदा तिनं त्यांना दुसरा एखादा तडा शोधून देऊ का म्हणून विचारलं. ते म्हणाले, “नको. मी कपडे शिवून द्यायचो, गिऱ्हाईक ते घालून फिरताना दिसायचं. हे असलं नाही जमत मला.”

ऑफिसात मात्र पदवीची दखल घेतली गेली. दोन महिन्यांनी साहेबांनी तिला बोलावून एक यादी दिली. सात जुने पूल. तज्ज्ञ म्हणून मॅडमनं तपासून प्रत्येकाचा अहवाल द्यावा, मुदत तीस दिवस.

“एका पुलाला वर्ष लागतं, साहेब,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “तसं लिहून द्या, मी वर पाठवतो.”

तिनं तिथेच बसून पत्र लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. तीस दिवसांतले नऊ संपलेत आणि आज सकाळी ती यादीतला पहिला पूल बघायला गेली आहे.