अवनीच्या वड्यांचा मिक्सर

मी एक जुना मिक्सर आहे. एके काळी पांढरा होतो, आता चहाच्या रंगाचा झालो आहे. बटणाभोवतीचे आकडे बोटं लागून लागून पुसले गेले आहेत. जुनी वस्तू बोलायला लागली की लोकांना वाटतं, आता ही रडगाणं गाणार. मित्रांनो, मी रडणार नाही. मला राग आला आहे, आणि तो का आला आहे ते मी तुम्हाला पहिल्यापासून सांगणार आहे.

कारखान्यात तांब्याच्या तारा गुंडाळून माझी मोटार तयार झाली. तिथून मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात आलो. शाहूवाडीच्या आकारामअण्णांनी मला तिथून उचललं. लेकीच्या लग्नात द्यायला त्यांना मिक्सरच हवा होता. "पोरीचं हात दुखायला नगंत," असं ते दुकानदाराला म्हणाले. अशा रीतीने मी संयोगिताबरोबर मंगळवार पेठेतल्या तिच्या सासरी आलो.

त्या घरात सासू चिमणाबाई होत्या, आणि संयोगिताचा नवरा अमरसिंह होता. अमरसिंह टायरच्या दुकानात कामाला होता. मनानं वाईट नव्हता, पण कटकट नको म्हणून गप्प बसायची त्याला सवय होती. ही सवय लक्षात ठेवा.

पहिली काही वर्षं मी रगडून काम केलं. कांदा-लसणाची चटणी, खोबऱ्याचं वाटण, दाण्याचा कूट. कोल्हापुरी स्वयंपाकात दाण्याचा कूट कशात नसतो ते सांगा! चिमणाबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "बघा की, पिठावानी बारीक करतंय." मला फार बरं वाटायचं.

मग अवनी झाली. ती दोन-अडीच वर्षांची असताना कुणीतरी तिच्या हातावर शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा ठेवला. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात इंजेक्शन देऊन तिला वाचवलं. डॉक्टरांनी संयोगिताला समोर बसवून सांगितलं, की या मुलीला शेंगदाणा म्हणजे विष आहे. दाणा खायचीच गरज नाही, दाण्याचं खरकटं लागलेला चमचासुद्धा नको.

संयोगितानं घरातला शेंगदाणा त्याच दिवशी संपवला. माझी जुनी भांडी तिनं भंगारात दिली आणि नवी आणली. माझा कोपरान्‌कोपरा ब्रशनं घासला. मग ओट्याच्या एका टोकाला मला ठेवून तिनं सगळ्यांना बजावलं, "ह्या मिक्सरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय. आणि ह्यो घराच्या भाईर जायाचा न्हाय."

चिमणाबाई पुटपुटल्या, "आमच्या येळंला नव्हतं बाई असलं काय." अमरसिंह मान हलवून म्हणाला, "बरं."

आता पोरीला खाऊ काय द्यायचा? लाडवात दाणे, चिक्कीत दाणे, दुकानातल्या बिस्किटाचा भरवसा नाही. अशात आकारामअण्णांनी बांधावरचे तांबडे भोपळे पाठवले. संयोगितानं भोपळ्याच्या फोडी वाफवल्या, खजूर घातला आणि माझ्यात फिरवलं. पहिल्या खेपेला नुसती लापशी झाली. वडी ताटातून उचलायला गेलं की बोटांना चिकटून येई. पण ती हटली नाही. वाफवलेला भोपळा तिनं फडक्यात बांधून निथळत ठेवला. त्याच भोपळ्याच्या बिया गच्चीवर वाळवल्या, सोलल्या, तव्यावर भाजल्या आणि माझ्या लहान भांड्यात त्यांची पूड केली. त्यात राजगिऱ्याच्या लाह्या मिसळल्या. सगळं मळून ताटात थापलं, वरून खोबऱ्याचा किस दाबला आणि फ्रिजमध्ये ठेवलं. भट्टी नको, तळण नको, पाकाची तार बघायला नको. संध्याकाळी सुरीनं वड्या पडल्या, आणि अवनी बशी चाटूनपुसून म्हणाली, "मम्मी, अजून."

हळूहळू बाहेरची माणसंही वड्या विकत मागायला लागली. कुणाच्या पोराला गहू सोसत नव्हता, कुणाला दूध. मागच्या गल्लीतल्या निवृत्त अंबादास गुरुजींना साखरेचा आजार होता. त्यांच्यासाठी ती खजूर अगदी नावाला घालून वेगळ्या वड्या करायची. ज्यांना सणावारी दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत बसावं लागे, अशी ही माणसं. त्यांच्या हातात गोड काहीतरी पडायचं ते माझ्यातून निघून. माझी छाती तेव्हा किती फुगली होती म्हणून सांगू!

आणि मग तो गणपतीचा महिना आला.

संयोगिता अवनीला घेऊन भोपळे आणायला माहेरी गेली होती. इकडे तालमीच्या मंडळाचा महाप्रसाद होता. आचाऱ्यांच्या हाताखालच्या बायकांची पुढारी होती अमरसिंहची आत्या, उचगावची बायडाबाई. हजार माणसांची वांग्याची भाजी शिजत होती आणि कूट कमी पडला. तिथला मिक्सर जळाला. बायडाबाईनं अमरसिंहला हाक मारली, "आरं, तुझ्या घरात हाय न्हवं मिक्सर? आण की जरा!"

अमरसिंहनं एवढंच म्हणायला हवं होतं, "न्हाय आत्या, तो पोरीचा हाय." पण चारचौघांत बायकोचं ऐकणारा दिसायला नको, म्हणून तो घरी आला; चिमणाबाई त्या दिवशी घरी नव्हत्या, आणि तो मला काखेत मारून घेऊन गेला.

माझ्या भांड्यांत त्या दिवशी भाजलेले शेंगदाणे ओतले. एका घाण्यावर दुसरा घाणा. माझं पातं दाण्याच्या तेलानं माखलं. पात्याखाली जिथं रबराची चकती असते तिथं कूट जाऊन बसला. मी किंचाळत होतो, मित्रांनो! पण भोपळा वाटताना माझा जो आवाज, तोच शेंगदाणे वाटताना. कुणाला काय कळणार?

परत आणल्यावर अमरसिंहनं मला नळाखाली धरलं, साबणाचा हात फिरवला, फडक्यानं पुसलं आणि होतो तिथं ठेवलं. बायको आल्यावर तो काही बोलला नाही. सांगितलं तर ती ओरडली असती. भांडी बदलली असती. दोन दिवस घरात तोंडं फुगली असती. तेवढं टाळण्यासाठी तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगितानं भोपळा वाफवला. बियांची पूड करायला तिनं माझं लहान भांडं घेतलं. अमरसिंह समोरच चहा पीत बसला होता. त्यानं बघितलं. माझं बटण फिरताना बघितलं, पूड परातीत पडताना बघितली, अवनी नेहमीसारखी पहिली चव घ्यायला चमचा घेऊन धावत आली तेही बघितलं. मनात म्हणाला असेल, धुतलंय की. माझा सगळा राग, मित्रांनो, त्या एका सकाळचा आहे. मला नेलं, माझ्यात नको ते वाटलं, ते एक वेळ मी गिळलं असतं. पण चमचा पोरीच्या तोंडात जाईपर्यंत एक धडधाकट माणूस कपबशी धरून बसून राहिला!

अवनीनं दोन चमचे खाल्ले. मग गळ्याला हात लावून म्हणाली, "मम्मी, आत खाजतंय." तिचे डोळे सुजून बंद झाले. श्वास ओढताना बरगड्या दिसायला लागल्या. संयोगिता तिला उचलून अनवाणी रस्त्यावर धावली. अमरसिंहनं गाडी काढली. ओट्यावर मी आणि परात एवढेच राहिलो.

पोर वाचली. पण ती घरी आल्यावर जे झालं ते ऐका.

चिमणाबाई म्हणाल्या, "रोज उठून त्या भोपळ्याचं काय काय करत बसतीस. पडलं आसंल काय तरी. आईच्याच हातनं व्हायला आलं हुतं की गं!"

संयोगिता कामाला लागली. तिनं सगळे डबे उपसले, फरशी घासली, बिया फेकून दिल्या. शेवटी तिचा संशय माहेरहून आलेल्या पोत्यावर गेला. तिनं वडिलांना फोन लावला. "आण्णा, खरं सांगा, त्या पोत्यात आधी काय भरलं हुतं? शेंगा हुत्या का?"

"न्हाय गं बाय. नवं पोतं हुतं. तुझ्या पोरीसाठी म्हणून मुद्दाम नवं आणलं."

"मग आलं कुठनं?" ती फोनवर ओरडली. "माझी पोर मेली असती, आण्णा!"

पलीकडून अण्णांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर शाहूवाडीचे भोपळे यायचे बंद झाले. गिऱ्हाइकंही तुटली. अंबादास गुरुजींनी डबा परत पाठवला आणि निरोप दिला, की राग मानू नका, पण आता भीती वाटते. संयोगिता रात्र रात्र जागी राहून पोरीचा श्वास ऐकायची. आणि हे सगळं चाललं असताना अमरसिंह जेवायचा, कामाला जायचा, पोरीला जवळ घेऊन रडायचाही. बोलायचा मात्र नाही. बायको खचत चाललेली दिसत होती, सासरा विनाकारण गुन्हेगार ठरला होता, आणि याच्या तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. अरे, मला तोंड असतं तर मी त्या घराचं छप्पर उडवलं असतं!

दिवाळीच्या तोंडावर बायडाबाई अवनीला बघायला आली. पोरीच्या हातात केळी दिली, चहा घेतला, आणि ओट्याकडे बघून मोठ्या कौतुकानं म्हणाली, "ह्योच न्हवं त्यो मिक्सर? काय झ्याक कूट केला गं बाई ह्यानं! ह्यो नसता तर त्या दिशी तालमीत वांग्याची भाजी झालीच नसती."

संयोगिताच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "कसला कूट, आत्या?"

"दाण्याचा की! अमरनं मिक्सर आणून दिला न्हवं का. तुला ठाव न्हाय?"

बायडाबाईनं भाच्याच्या तोंडाकडे बघितलं, मग अवनीकडे, आणि तिला समजलं. "आरं मुडद्या," ती हळूच म्हणाली, "पोरीचा हुता व्हय रं ह्यो?"

संयोगितानं ताट खाली ठेवलं. कपाटातून पाना आणला आणि माझ्या लहान भांड्याचं पातं उघडलं. चकतीखाली वाळून घट्ट झालेला पिवळट थर होता, त्यात शेंगदाण्याचं लाल साल चिकटलेलं. तिनं ती चकती नवऱ्यासमोर धरली.

"धुतला हुता मी," अमरसिंह म्हणाला.

"धुतला हुता!" एवढा मोठा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता, आणि मी स्वतः काही हळू बोलत नाही. "तुम्ही समोर बसला हुता. ती खाताना तुम्ही समोर बसला हुता! मी माझ्या बापाला चोर ठरवलं. आई मला खुनी म्हटल्या, तवा तुम्ही भाजी मागून घेत हुता!"

"मला भ्या वाटलं गं."

"कशाचं? माझ्या तोंडाचं? आणि तिच्या जिवाचं न्हाय वाटलं?"

चिमणाबाई पदर तोंडावर घेऊन खाली बसल्या. संयोगितानं फोन पुढं केला. "आधी आण्णांना सांगा. माझ्यासमोर, आवाज मोठा ठेवून. मग गुरुजींकडं जायाचं. मग ज्यांनी ज्यांनी डबं परत केलं त्यांच्या दारात जायाचं. मी संगं येणार न्हाय. तुमच्या तोंडानं सांगायचं."

त्यानं सांगितलं. आकारामअण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पोर जेवती का आता नीट?" अमरसिंह फोन धरून लहान पोरासारखा रडला. पण त्याला खरी शिक्षा मिळाली ती अवनीकडून. सगळं ऐकून तिनं विचारलं, "पप्पा, तू आधीच का न्हाय सांगितलंस? मी खाल्लंच नसतं की."

संयोगितानं नवरा टाकला नाही, पण महिनोन्‌महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. अण्णा भोपळे घेऊन स्वतः आले. ती त्यांच्या पाया पडली. नवा मिक्सर आला आणि वड्या पुन्हा सुरू झाल्या. गुरुजी डबा घेऊन दारात उभे राहिले ते ओशाळूनच.

आणि मी? मला घराबाहेर काढलं. त्या घरात माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार? चूक माणसाची, आणि हद्दपार झालो मी. तालमीच्या कोठीत बायडाबाईच्या ताब्यात माझी रवानगी झाली. तिथं मी आता मुकाट्यानं कूट करतो.

यंदाच्या महाप्रसादाला अवनी आली होती. पंगतीत तिनं वाढप्याला विचारलं, "काका, ह्यात दाणं हाईत का?" तो घाईत होता. हसून म्हणाला, "खा गं, एवढ्यानं काय हुतंय!" आणि त्यानं डाव तिच्या ताटावर धरला.

चुलाणापासून बायडाबाई गरजली, "डाव मागं घे! घे मागं म्हटलं न्हवं! व्हय पोरी, हाईत दाणं. तुझं येगळं झाकून ठेवलंय, हिकडं ये."

सगळी पंगत थांबून बघत होती. वाढप्याचं तोंड एवढंसं झालं. अवनी उठली आणि बायडाबाईजवळ जाऊन बसून जेवली.

मित्रांनो, "व्हय, हाईत." एवढे दोनच शब्द असतात. कुणी विचारलं तर ते खरे सांगा, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगा. ओरडा बसेल, लोक हसतील, स्वयंपाक पुन्हा करावा लागेल. लागू दे की!