जावयाची बारा पानं आणि अवीनोची एक खूण

मित्रांनो, मी एक जुना संगणक. माझा पंखा घरघरतो, दोन बटणं कधीच निखळून गेलीत, आणि हल्ली कुंभारणी माझ्या डोक्यावर आपल्या पिशव्या ठेवतात. ठेवू देत बापड्या. पण मला नुसतं खोकं समजू नका. मी जे पाहिलंय ते आठवलं की अजूनही माझा पंखा क्षणभर अडखळतो.

माझी पहिली आठ वर्षं मोम्बासाच्या गोदीतल्या एका कचेरीत गेली. तिथे दिवसभर जहाजांची नावं आणि पेट्यांचे आकडे. कुणी माझ्याशी दोन शब्द बोललं नाही. मग तिथे नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली टाकलं. तिथून गावात वाचनखोली चालवणाऱ्या न्यांग्वेसो मास्तरांनी मला उचललं, गोणपाटात गुंडाळलं आणि बसने थेट सरोवराकाठच्या कोबीरा गावी आणलं. रस्ताभर त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं. असं मांडीवर मला कुणी कधी घेतलं नव्हतं हो!

कोबीराच्या वाचनखोलीत मास्तरांनी मला इंटरनेटशी जोडलं, आणि माझी छातीच दडपली. केवढं ते जग! एक शब्द विचारावा आणि लाखो पानं समोर यावीत. पण गंमत बघा, गावातल्या कुंभारणींनी विचारलं, 'भाजताना मडकं का तडकतं?' तर मी त्यांना काय दाखवलं? परदेशातल्या फुलझाडांच्या कुंड्या, आणि त्याही विकायला! बायका खो खो हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तर मात्र हट्टी. त्यांनी माझ्यात, आणि आसपासच्या गावांतल्या, बेटावरच्या वाचनखोल्यांतही, एक छोटी सोय बसवली. ज्याला जे पान उपयोगी पडलं, त्याने त्यावर आपल्या नावाची हिरवी खूण करायची. मग आजूबाजूच्या गावांतल्या कुणीही तसंच काही विचारलं की मी ते पान उचलून वर आणायचं, खाली खूण करणाऱ्याचं नाव दाखवायचं. झालं एवढंच. पण काय सांगू, मित्रांनो! शेजारच्या गावच्या एकीने, मातीत वाळू किती घालायची ते सांगणाऱ्या पानावर खूण केली, आणि त्या हंगामात कोबीराची मडकी तडकायची थांबली. लाखो पानांच्या ढिगातून एका ओळखीच्या बाईचं बोट नेमकं पान वर काढत होतं. मी थक्क झालो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माणसं एकमेकांना जे विचारत नाहीत, ते मला विचारतात.

रिस्पर त्यांतलीच. कुंभारणींच्या गटातली सगळ्यात लहान. लेकीला, आमोंडीला घेऊन ती दुपारी खोलीत कुणी नसताना आली. बाळ दीड महिन्याचं. तिने बाळाला गुंडाळलेल्या लेसोचं, त्या रंगीत कापडाचं, टोक जरासं बाजूला केलं तेव्हा मला दिसलं. दोन्ही पावलं आत वळलेली होती, तळवे एकमेकांकडे बघत होते. रिस्परने चटकन ते झाकलं आणि माझ्यावर टाइप केलं, 'बाळाची वाकडी पावलं.'

मी शोधलं. आणि काय वर आलं? तेल! पहिल्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत तेलच तेल. 'ओग्वेनोचं सरळ करणारं तेल. गुडघे, टक्कल, वाकडे पाय, सगळ्यांवर एकच उपाय.' अशी बारा पानं, आणि प्रत्येकावर एकोणीस हिरव्या खुणा. रिस्परने नावं वाचली. दोर्सिलाआजी, गटातल्या सगळ्या मावश्या, सगळ्या काकू. तिचे डोळे भरून आले.

"एवढ्या जणी सांगतायत," ती बाळाला म्हणाली, "मग होशील गं तू बरी."

ती तेल चोळत राहिली. दर आठवड्याला येऊन तेच विचारायची. मीही तेच दाखवायचो. मला खुणा मोजता येत होत्या, त्यांच्यामागचं मन कसं मोजणार? पडद्याच्या कितीतरी खाली एक पान होतं, मिशनच्या दवाखान्याचं. त्यावर एकच खूण होती. तिथवर रिस्परचं बोट कधी पोचलंच नाही. पाच आठवडे गेले. बाळाचे घोटे घट्ट होत चालले होते आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

मग एके सकाळी मास्तरांचे गुडघे दुखायला लागले. त्यांनी मला उपाय विचारला, आणि आलं तेल! मास्तर खुर्चीत ताठ बसले. त्यांनी काय काय विचारलं गेलं त्याच्या नोंदी चाळल्या, एकेक खूण तपासली. एकोणीसच्या एकोणीस, एकाच दुपारी केलेल्या. त्यांनी तडक दोर्सिलाआजीला बोलावलं. ओग्वेनो तिचा जावई.

"आजी, हे तेल वापरलंत?"

"मी? मला काय धाड भरलीय?"

"मग खूण कशाला केली?"

"ऐका! जावई स्वतः आला होता. तो तिकडे झाडाखाली, मी इकडे भिंतीआड, त्याच्या तोंडासमोर थोडीच उभी राहणार? निरोप पाठवला, माझ्या पानांना आशीर्वाद द्या. नाही म्हणू? माझी पोर नांदतेय तिकडे. आणि तो माझा जावई म्हणजे गटातल्या सगळ्यांचाच जावई. एका पानाला केली आणि दुसऱ्याला नाही, तर त्याला काय वाटेल? केल्या सगळ्यांनी बाराही पानांना."

"पण पान उघडून तरी बघितलंत का?"

आजीने गालावर हात मारून घेतला. "मास्तर, तुम्हाला जनाची नाही तर मनाची तरी? सासू कधी जावयाच्या घरात शिरते का? पान उघडणं म्हणजे त्याचं दार ढकलून आत डोकावणंच की! आम्ही एकीनेही उघडलं नाही. बायका आहोत आम्ही, निर्लज्ज नाही!"

मास्तर हसले नाहीत. "आजी, कुणीतरी इथे बसून पाच वेळा तान्ह्या बाळाच्या वाकड्या पावलांबद्दल विचारलंय. पाचही वेळा तुमचं नाव सगळ्यात वर आलंय."

"कोण गं बाई?"

"ते मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

आजी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, डोक्यावरचं फडकं नीट केलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिने जावयाचं दार ढकललं. मास्तर वाचत होते, ती ऐकत होती. 'डॉक्टरकडे जाऊ नका. प्लॅस्टर घालू देऊ नका. वर्षभर तेल चोळा.'

"वर्षभर?" आजी उसळलीच. "अरे, चाळीस वर्षं मडकी घडवतेय मी! माती ओली असेतोवर वळते. वाळल्यावर नुसती फुटते. कुणाच्या तान्ह्या लेकराचे पाय वाळत घातले आम्ही? दाखवा मला, खूण कशी पुसायची ते!"

"आणि तुमची पोर? जावई काय म्हणेल?"

"रागावेल. रागावू दे. येईन मी भिंतीआडून माफी मागून. पण ते लेकरू कुणाकडे माफी मागायला येणार?"

तिने बाराही खुणा स्वतः पुसल्या. संध्याकाळपर्यंत उरलेल्या अठरा जणी, कुणी कुरकुरत, कुणी डोळे पुसत, रांगेने येऊन गेल्या. रिस्परही त्या रांगेत होती का, विचारताय? नाही. ती तेव्हा बाळंतीण, गटात यायचीच नाही. ती आली दुसऱ्या दुपारी. तेच शब्द. मी शोधलं, आणि या वेळी मिशनच्या दवाखान्याचं पान सरसर वर आलं. खाली एकच नाव होतं. अवीनो.

"अवीनो? आपली अवीनो?" रिस्पर माझ्याशीच बोलली. अवीनो तिची शाळेतली जिवलग मैत्रीण, लग्न होऊन सरोवरातल्या बेटावर गेलेली. रिस्परने तिथल्या तिथे फोन लावला. अवीनोला हळू बोलता येत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"माझ्या थोरलीचे पण तसेच होते गं! दर बुधवारी प्लॅस्टर, सहा बुधवार, मग रात्री घालायचे, मधे दांडीने जोडलेले बूट. आज पोरगी बकऱ्यांच्या मागे धावते! अगं मूर्खे, मला विचारायचं नाही?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

अवीनो पहिल्यांदाच जरा हळू बोलली. "लाज वाटली गं. म्हणून नुसती खूण करून ठेवली. म्हटलं, कुणाला तरी लागेल."

मित्रांनो, दोन जिवलग मैत्रिणी एकच दुःख एकमेकींपासून झाकून बसल्या होत्या, आणि मधल्या पाण्यावरून एक चिमुकली हिरवी खूण तेवढी गेली होती. मी गोदीत केवढाली जहाजं मोजली, पण असं काही पाहिलं नव्हतं.

त्या बुधवारी रिस्पर दवाखान्यात पोचली. डॉक्टर म्हणाले, लवकर आली असती तर सोपं गेलं असतं. सहाच्या जागी नऊ प्लॅस्टर लागली. इकडे मास्तरांनी माझी सोय सुधारली. आता पान पुरतं उघडल्याशिवाय खूण होत नाही, आणि खुणेसोबत आपला अनुभव एका ओळीत लिहावा लागतो. ओग्वेनो रागावला तो रागावलाच. आजीच्या लेकीला वर्षभर माहेरी येऊ दिलं नाही त्याने. आजीने ते सोसलं, पण खूण पुन्हा केली नाही.

आता घरोघर इंटरनेटवाले फोन आलेत. माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. तुमच्या फोनमध्येही अशा खुणा असतील, अंगठे असतील, तारे असतील. एवढंच मागणं आहे, बाबांनो: न उघडता कुणाला आशीर्वाद देऊ नका, आणि जे खरंच तुमच्या कामी आलं ते लाजून लपवू नका. पलीकडे कोण वाट बघत बसलंय, ते तुम्हाला कधीच दिसत नाही.

गेल्या महिन्यात गटाची बैठक माझ्या खोलीत होती. आमोंडी दारात आईचं बोट धरून उभी होती. तिने बोट सोडलं. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवत, हेलकावे खात, दोर्सिलाआजीला ओलांडून ती थेट माझ्यापर्यंत चालत आली, आणि हसत हसत तिने माझी वायर उपटली. पडदा विझता विझता मला एवढंच दिसलं की एकोणीस बायका उभ्या राहिल्या होत्या आणि तिला कुणीही रागावत नव्हतं.