अण्णांच्या बॅनरवर बकरी नाही

तेलगावात बसवराजएवढा दुःखी माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्या दुःखाचं कारण ऐकून कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नसतं. त्याला आवडेल असं गाणं गावात वाजतच नव्हतं.

दोष पुण्याचा. स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली तो तिथं काही वर्षं राहिला, आणि परीक्षा सोडून बाकी सगळ्याचा अभ्यास केला. तळघरातल्या कॅफेत जाऊन अशा गायकांना ऐकायची त्याला सवय लागली, ज्यांच्यामागं ना कंपनी ना सिनेमा, ज्यांनी गाणं आपल्याच खोलीत उशा लावून रेकॉर्ड केलेलं. दहा जणांना माहीत असलेलं गाणं ते खरं गाणं. शंभर जणांना कळलं की ते नासलं. हे तत्त्वज्ञान घेऊन तो परत आला आणि वडिलांच्या सरकी-पेंडीच्या दुकानात बसला. आप्पांना ते काही पचलं नाही. "ज्याला गिऱ्हाईक न्हाई त्यो माल चांगला," ते म्हणायचे, "असं कुठं शिकवत्यात रं? तिथली फी मागून घे."

पण खोड जात नाही. बसवराजनं मोबाइलवर 'भुयार' नावाचं पेज काढलं आणि बीड जिल्ह्यातले अनोळखी कलावंत शोधायला निघाला. पहिला सापडला मुंजाजी. हा हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि उरलेल्या वेळात हलगीवर स्वतःची गाणी म्हणायचा. लग्नात हरवलेल्या चपलेवर त्याचं एक गाणं होतं:

डावी हाय पायात, उजवी गेली कुठं,
दुसऱ्याच्या मांडवात माझं नशीब फुटं!

बसवराजनं ते ट्रॅक्टरच्या सीटवर बसून, इंजिन चालू ठेवून रेकॉर्ड केलं. ऐकणाऱ्यांत तो, मुंजाजी आणि मुंजाजीची बायको. बसवराजला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

दुसरी सापडली बकरी.

तेलगावच्या चौकात वाढदिवसाचे बॅनर बारमाही लटकतात. मधे उत्सवमूर्तीचं भलंमोठं डोकं, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, गळ्यात उपरणं, आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी बाजारातल्या वांग्यांसारखी रचलेली. एके दिवशी उपसरपंचाच्या बॅनरवर कुणीतरी काळ्या रंगात एक बकरी काढून ठेवली. ती शांतपणे साहेबांचं उपरणं चघळत होती, आणि तिच्या तोंडावर असा भाव होता की उपरणं जरा खारट आहे. बसवराज तिच्यापुढं किती वेळ उभा राहिला त्याचं त्यालाच भान नव्हतं. त्यानं फोटो काढून पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'अज्ञात कलावंत, तेलगाव.'

उपसरपंच भडकला, बॅनर उतरवला. तोवर फोटो जिल्हाभर मोबाइलवर फिरला होता, आणि अंबाजोगाईच्या बसस्टँडवर एक कॉलेजातली पोरगी त्याला म्हणाली, "काका, ते बकरीवाले तुमीच का?" आणि सोबत सेल्फी काढला. संध्याकाळी बॅनर पुन्हा चौकात. तेव्हापासून वारं फिरलं. ज्याच्या बॅनरवर बकरी आली तो मोठा माणूस, आणि ज्याच्या नाही आली त्यानं मिशी उतरवावी, अशी गावाची समजूत झाली. बसवराजच्या तत्त्वाप्रमाणं बकरी आता नासायला हवी होती, पण ती त्याची मेली नासेना. प्रत्येक नवी बकरी त्याला आधीच्याहून आवडायची.

आणि अशात राधाकिशन अण्णांचा वाढदिवस आला.

अण्णा गावातले सगळ्यात मोठे पुढारी. गेली कित्येक वर्षं ते 'भावी' होते. भावी सदस्य, भावी सभापती, मधे एकदा भावी आमदारही. चौकातला सगळ्यात मोठा बॅनर त्यांचा लागला. एक दिवस गेला, दोन गेले, बकरी आली नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी बसवराजला घरी बोलावलं. अण्णांचं तोंड उतरलेलं होतं.

"उपसरपंचाला बकरी, त्या सोसायटीच्या चेअरमनला बकरी, आन मी काय मेलोय का?"

"अण्णा, मला कुठं माहीत कोण काढतंय!"

"तुझ्या पेजवर तर सगळं असतंय. हे बघ, चार दिसांनी ष्टेज हाय, साऊंड हाय, सगळी पब्लिक हाय. त्यो कलाकार आण, ष्टेजवर सत्कार करतो, समद्यांसमोर बकरी काढून घेतो. मग तुझा त्यो हलगीवाला गाऊ दे त्याच माइकवर. न्हाई आणलास तर त्यानं घरी बसून गावं."

मुंजाजीनं हे ऐकलं तेव्हा तो ट्रॅक्टर धूत होता. तो नुसता पाइप धरून उभा राहिला आणि पाणी त्याच्याच चपलेवर पडत राहिलं. आजवर त्यानं माइक हातात धरलेला नव्हता. ते बघून बसवराजनं ठरवलं, कलावंत शोधायचाच.

पण कसा? वाघ पकडायला शेळी बांधतात. बकरी पकडायला बॅनर बांधायला हवा होता. तो स्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला. तिथं डिझाइनचं काम कावेरी करायची, शाळेत त्याच्याच वर्गात होती.

"वाढदिवसाचा बॅनर पायजे. माझाच."

"तुझा तर दिवाळीत असतोय की."

"यंदा लवकर हाय."

कावेरीनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि काही न विचारता त्याचा फोटो गोरा करायला घेतला.

बॅनर लागला आणि बसवराजच्या अंगाशी आला. सकाळपासून माणसं हार घेऊन दुकानात यायला लागली. कुणी केक तोंडाला फासला, कुणी फटाक्यांची माळ पेंडीच्या पोत्यांशेजारी लावली. दुपारपर्यंत आवई उठली की पोरगं जिल्हा परिषदेला उभं राहतंय. आप्पा कपाळाला हात लावून बसले. "उभा ऱ्हायलास ते ऱ्हायलास, पण कोन्या पक्षाकडून, ते तरी सांग. मला लोकायला काय सांगू?"

बसवराज तोंडावरचा केक पुसत तिथून सटकला आणि चौकातल्या बंद पडलेल्या रसवंतीत, बांबूच्या तट्ट्याआड दडून बसला. मे महिन्यातली ऐन दुपार. चौकातली कुत्रीसुद्धा ट्रॉलीखाली गेलेली. अशा उन्हात एक बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळून, हातात प्लॅस्टिकचा स्टूल घेऊन आली. स्टुलावर चढली, पिशवीतून डबा आणि ब्रश काढला, आणि पायांपासून बकरी काढायला सुरुवात केली. हात इतका सुटा होता की बसवराज पकडायचं विसरून बघतच बसला. मग तिच्या तोंडावरचा स्कार्फ घसरला, तसा तो भानावर येऊन बाहेर आला.

"कावेरी?"

ती दचकली नाही. "थांब. शेपूट ऱ्हायलीया."

शेपूट झाल्यावर ती खाली उतरली आणि ब्रश पुसत म्हणाली, "दिवसभर मुंडकी कापत असते मी. ह्याला गोरं करा, त्याचं पोट आत घ्या, माझं मुंडकं वरच्या लायनीत घ्या न्हाई तर पक्ष सोडतो. एक तरी जनावर काढ म्हणतंय का कुणी?"

"मग अण्णांनी काय घोडं मारलं? त्यांच्या बॅनरवर कावून न्हाई काढलीस?"

"जागा हाय का तिथं? समद्या तालुक्याची मुंडकी टाकून घेतलीत. बकरी कुठं उभी करू, अण्णांच्या टकलावर?"

बसवराजला हसू आवरेना. मग त्यानं अण्णांची अट सांगितली, तशी कावेरीचा चेहरा पडला. "न्हाई बसू. नाव फुटलं तर दुकानाला एक गिऱ्हाईक ऱ्हायचं न्हाई. आन ते ऱ्हायलं तरी समदे येऊन सांगतील, बकरी जरा हसरी काढा, जरा गोरी काढा. एवढी एकच गोष्ट हाय माझी. ती पण त्यांचीच व्हईल."

"न्हाई सांगणार," बसवराज म्हणाला. म्हणून तर बसला, पण धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! कावेरीचं नाव घेतलं तर तिची बकरी गेली. नाही घेतलं तर मुंजाजीचा माइक गेला. आणि खरं सांगायचं तर आतून त्याला तिसरंच काहीतरी कुरतडत होतं. एवढा मोठा कलावंत त्यानं शोधला होता, त्यानं एकट्यानं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. अण्णांना त्यानं 'आणतो' एवढंच कळवलं, आणि ओठावर आलेलं नाव तो दोन दिवस गिळत राहिला.

वाढदिवसाच्या संध्याकाळी स्टेजवर सत्कार सुरू झाले. आधी अण्णांचा, मग पाहुण्यांचा, मग सत्कार करणाऱ्यांचा, मग नारळ आणून देणाऱ्याचा. मुंजाजी स्टेजमागं उसाचं पाचट पेटवून हलगी तापवत होता. हलगी तापून टणटणीत व्हायची, सत्कार लांबायचा, हलगी थंड पडायची, तो पुन्हा तापवायचा. अखेर माइकवर पुकारा झाला, "आता बकरीचे जनक!"

बसवराज स्टेजवर चढला. समोर अख्खं गाव. बायकांच्या बाजूला कावेरी, स्कार्फचं टोक दातांत धरलेली. नाव जिभेच्या शेंड्यावर होतं. एका शब्दात तो या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा शोधकर्ता ठरणार होता.

"मीच," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. शाल आली, श्रीफळ आलं. सुटलो म्हणून त्यानं श्वास सोडला, तेवढ्यात अण्णांनी त्याच्या हातात ब्रश दिला आणि मागच्या भिंतीएवढ्या बॅनरकडं बोट केलं. "काढा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शाळेत बसवराजचा आंबासुद्धा मास्तरांना ओळखू आला नव्हता. पण आता पळायला वाट नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि रेघ ओढली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणावं, तर मारुतीही नाही झाला. धड बाजेसारखं, मान हापशासारखी, पाय मोजायला गेलं तर पाच भरत होते. ते जनावर अण्णांचं उपरणं खात होतं की त्यावर शिंकत होतं, काहीच कळत नव्हतं.

माणसं माना वाकड्या करून बघायला लागली. मग पहिल्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "बाज हाय बाज. माझ्या घरी हाय अशीच."

अख्ख्या मांडवात हशा फुटला. मुंजाजीला ते बघवेना. त्यानं घाईनं स्टेजवर येऊन हलगीवर थाप मारली आणि चपलेचं गाणं सुरू केलं. हसता हसता माणसं ताल धरू लागली, दुसऱ्या कडव्याला तर मागून शिट्ट्या आल्या. लग्नात चपला गेलेले किती जण गावात होते ते त्या दिवशी कळलं. गाणं दोनदा म्हणावं लागलं.

अण्णा मात्र हलले नव्हते. ते त्या जनावरासमोर उभे होते. "बाकीच्यायला बकरी," ते हळूच म्हणाले. "मला हे. कावून?"

बसवराजनं ब्रश पाठीमागं लपवला. "अण्णा, बकरी काय, कुणाचीबी असतीया. हे फकस्त तुमचं हाय."

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला कवटाळलं.

झालं, दुसऱ्या दिवसापासून बकरीला कुणी विचारेना. सगळ्यांना ते अण्णांवालं पाहिजे. कावेरीच्या दुकानात रांग लागली. तिनं बसवराजला फोन केला. "पाय किती ठेवू, चार का पाच?"

"पाच."

"बरं," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "लई घाण काढलंस बसू. बरं केलंस."

पुण्याच्या मित्रांनी मात्र पेजवर येऊन लिहिलं की भाऊ पुढाऱ्यांना विकला गेला, आणि एकेक करून निघून गेले. बसवराजला ते लागलं. खूप लागलं. उत्तर त्याच्यापाशी होतं, आणि तेच तेवढं लिहिता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी चौकात त्याच्या अभिनंदनाचा बॅनर लावला. 'कलारत्न बसवराज', अंगावर शाल, बाजूला पाच पायांचं जनावर. भर दुपारी तो त्याखालून जात होता, आणि थबकला. खाली शुभेच्छुकांच्या गर्दीत, एका मुंडक्याच्या कानामागं, अंगठ्याएवढी बकरी उभी होती. तिचं तोंड शालीच्या टोकापर्यंत पोचत नव्हतं म्हणून तिनं मान ताणली होती. आजवरच्या सगळ्या बकऱ्यांत ही भारी होती. त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडं गेला, आणि तसाच राहिला. उन्हात एकटाच उभा राहून तो हसत सुटला.

"काय बघायलास बे?" मोटारसायकलवरनं जाणारा अण्णांचा माणूस थांबला.

"काय न्हाई. फोटो चांगला आलाय माझा."

त्यानं वर मान करून बघितलं. "डोळे मिटलेत की तुझे."

"व्हय," बसवराज म्हणाला. "तसाच चांगला दिसतो मी."