माझ्यावरून उठलेल्या मास्तरीणबाई

मी एक जुनी खुर्ची आहे. लाकडाची, उंच पाठीची, जरा मानी स्वभावाची. मित्रांनो, सुताराने मला घडवलं ते एका फोटो स्टुडिओसाठी. तिथला माझा थाट काय वर्णावा! नवरदेव बसले, पदवी मिळवलेले बसले, भोकाड पसरलेली बाळंही बसवली गेली. पण ही मंडळी बसायची किती वेळ? फोटोवाला "झालं" म्हणाला, की लगेच उठून चालती. खुर्चीच्या जन्माला यावं आणि कुणी निवांत टेकू नये, याचं मला फार वाईट वाटे.

पुढे स्टुडिओ बंद पडला आणि एका शिंप्याने मला आपल्या आईसाठी दुकानात आणलं. ही आई म्हणजे सगळ्या गल्लीच्या शिवणकामातल्या मास्तरीणबाई. मुलगा आणि सून मशीनवर शिवत, पण कापडाला कात्री लावायची ती बाईंनीच. कपडे बेतण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बेतायचं टेबल मात्र कमरेएवढं उंच, काम सगळं उभ्याने. आणि बाईंचे नेमके गुडघेच धरले होते. सांध्यातली गादी झिजली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, "आई, तू आता बस गं." त्या माझ्यावर बसल्या.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! बाई सकाळी बसत त्या संध्याकाळपर्यंत. सुनेने मऊ उशी शिवली. चहा हातात, पाणी हातात, चष्मा राहिला तर नात धावत जाऊन आणी. सगळे मायेनेच करत होते हो. पण बाईंचे पाय दिवसेंदिवस आखडत चालले. आधी जिना सुटला, मग कोपऱ्यापर्यंतचा फेरफटका. उठायचं म्हटलं की दुखेल या भीतीने त्या "नंतर बघू" म्हणत.

बेतायचं काम मुलाकडे आलं. त्याने बेतलेल्या कोटात गिऱ्हाईक मावलं, पण श्वास घ्यायला जागा उरली नाही. दोन-चार असे कोट परत आल्यावर त्याने हात टेकले. टेबल विकायचं आणि त्या जागी तयार कपड्यांचं कपाट ठेवायचं, असं त्याने ठरवलं. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पण त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "थोडं थांब. आधी मला उभं राहून बघू दे."

सुनेने व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी स्पष्टच सांगितलं, की झिजलेलं परत येत नाही, पण मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुखेल म्हणून बसून राहिलात तर जास्तच दुखेल. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "तुमचं औषध ही खुर्ची." मी अशी फुगले म्हणून सांगू! पण लगेच कळलं, औषध होतं ते माझ्यावरून उठणं. बसायचं, उठायचं, परत बसायचं, परत उठायचं. खरं सांगते, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यभर वाट पाहून एक बसणारं माणूस मिळालं, तर त्यालाच उठायला शिकवतात!

पहिले काही दिवस बाई माझ्या हातांवर सगळा भार टाकून उठत आणि धपकन बसत. नात शेजारी उभी राहून स्वतःही उठाबशा काढी आणि आजीला चिडवी. हळूहळू धपकन बसणं थांबलं. मग बाईंना भलताच उत्साह आला. एका सकाळी कुणाला न सांगता त्या बाजारापर्यंत चालत गेल्या आणि येताना पिशव्या भरून घेऊन आल्या. अति तिथे माती! गुडघा टम्म सुजला. मुलगा म्हणाला, तरी मी सांगत होतो. त्याने टेबलाच्या गिऱ्हाइकाला निरोप धाडला.

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. सूज उतरेपर्यंत बेताने घ्या, मग रोज थोडं, पण रोज, असं बजावून गेल्या. बाईंनी कानाला खडा लावला. थोडं उठणं, थोडं चालणं, दमलं की टेकणं, असं त्यांचं पुन्हा सुरू झालं. एव्हाना मीही रुसवा सोडला होता. त्या उठायला लागल्या की मी चारही पाय जमिनीत रोवून उभी राही. डगमगले तर शपथ!

एका दुपारी टेबल घ्यायला माणूस आला. तो टेबलावर कोपर टेकून मुलाशी भाव करत होता. तेवढ्यात बाई उठल्या. माझ्या हातांना न धरता, सावकाश. टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा. मला कापड पसरायचंय."

तो माणूस बाजूला सरला. बाईंनी खडूने रेघा मारल्या, कोटाची एक बाही कापली आणि मग येऊन माझ्यावर टेकल्या. मुलाने हळूच विचारलं, "आई, दुखतंय का गं?"

"दुखतंय. बसून होते तेव्हाही दुखतच होतं. दुसरी बाही चहा झाल्यावर कापते."

टेबल विकायचं नाही, असं मुलाने त्या माणसाला तिथल्या तिथे सांगितलं. मग तो चहा आणायला आत निघाला, तर बाईंनी त्याला थांबवलं आणि चहा करायला स्वतःच गेल्या.

मित्रांनो, जुन्या खुर्च्या सहसा विनवतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात गुडघे धरलेलं कुणी असेल, तर त्यांना सगळं जागेवर आणून देऊ नका. त्यांचा हात धरा आणि त्यांच्या चालीने सोबत चाला. घाई करू नका. आणि त्या वेळी घरातली खुर्ची रिकामी दिसली, तर तिची कीव करू नका. ती मजेत असते.