जाण्याची रंगीत तालीम

बॅगेतून सगळ्यात आधी बाहेर निघाला तो माझा रोजचा गाऊन.

दोन वर्षांसाठी विद्यापीठात चालले होते, वसतिगृहात खोली मिळाली होती, तेव्हा गाऊन तर लागणारच. पण गोटी, म्हणजे आमची तीन वर्षांची लेक, झोपते ती याच गाऊनच्या बाहीची कड दोन बोटांत चुरत. निळ्या बारीक फुलांचा, धुऊन धुऊन मऊ झालेला गाऊन. झोपेत मी हललेली तिला चालते, कड हललेली चालत नाही.

"हा राहू दे इथेच," नवरा म्हणाला. "तू नवा घे. तिकडे कोण तुझी बाही धरून झोपणार आहे?"

तालमीची कल्पना मात्र माझीच. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. कुठलीही गोष्ट आधी थोड्यावर करून बघावी, हे अंगात मुरलेलं. आमच्या समोर, अरुंद गल्लीच्या पलीकडे, माझ्या मैत्रिणीचं घर आहे. तिसऱ्या मजल्यासमोर तिसरा मजला. ती कामानिमित्त परगावी होती आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. म्हटलं, निघण्याआधीचे काही दिवस तिथे राहायचं, फक्त बॅगेतल्या सामानावर. काय कमी पडतं ते कळेल. गोटीलाही माझ्याविना राहायची सवय होईल आणि पडद्याआडून मला तिच्यावर लक्ष ठेवता येईल.

"लोक सरळ निघून जातात," सासूबाई म्हणाल्या. "ही आधी जाऊन बघणार, आवडलं तर जाणार."

बोलल्या तरी मदत त्यांनीच केली. त्यांनी तो गाऊन पलंगावरच्या लांब लोडाला घातला, बटणं लावली आणि लांबून बघून म्हणाल्या, "बरी आहे ही सून. उलट बोलत नाही, चहाला नावं ठेवत नाही."

नवरा खो खो हसला. मीही हसले.

पहिल्या दिवशी गोटी इतकी रडली, की गल्ली ओलांडून माझ्यापर्यंत आवाज आला. मी जिन्यापर्यंत गेले आणि कठडा धरून उभी राहिले. दुसऱ्या दुपारी ती लोडाला टेकली, बाहीची कड धरली आणि झोपली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि असं वाटल्याचा लगेच रागही आला.

बॅगेत काय नव्हतं ते हळूहळू उघड होत गेलं. कपडे वाळत घालायचे चिमटे. नेलकटर. माझा मोठ्या दातांचा कंगवा. चिमट्यांवाचून भागेल, पण माझे केस दुसऱ्या कंगव्याला दाद देत नाहीत. गोटीच्या झोपेची वेळ साधून मी घरी गेले.

सासूबाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय."

मी चपला हातात घेऊन आत गेले. गोटी जमिनीवर बसून डब्यांना झाकणं लावत होती. टक्क जागी. पलंगावर लोड होता. त्याच्यावर छातीपर्यंत चादर ओढलेली होती आणि उशाशी माझा कंगवा.

"कोणाचा डोळा लागलाय?" मी विचारलं.

"अगं, हळू म्हटलं ना," असं पुटपुटत सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या.

गोटीने वर बघितलं. धावत आली नाही, रडलीही नाही. "आजी, बाई आल्यात," तिने आत सांगितलं. मग चटईवर जरा सरकून मला म्हणाली, "बसा."

पाहुण्यांना बसा म्हणायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. मी कंगव्याला हात लावला.

"तो आईचाय," ती म्हणाली. चिडून नव्हे. एखाद्या नवख्या माणसाला हात धुवायची जागा दाखवावी, तसं.

मी कंगवा न घेताच परत आले.

नवऱ्याचं तसबिरींना चौकटी बसवायचं दुकान आहे. फोन केला तेव्हा मागे काच कापल्याची करकर चालली होती.

"खेळतेय गं ती. रुसलीये तुझ्यावर," तो म्हणाला. "पण एक सांगू का? तालीम करायची तर धड कर. सारखी येऊन जाऊ नकोस. काल जेवायच्या वेळेला आलीस, तिला भरवलंस…"

"मी काल आले नव्हते."

करकर थांबली. "आई सांगत होती. तुझ्या हातची सगळी भाजी संपवली म्हणे पोरीने. तू गुणगुणत होतीस, इतकंही सांगितलं तिने."

"अरे, मी आलेच नव्हते."

"बरं," तो म्हणाला. गिऱ्हाइकाशी वाद नको असला, की तो ज्या सुरात बरं म्हणतो, त्याच सुरात. मग पुन्हा करकर सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटी खिडकीशी आली आणि पाठमोरी उभी राहिली. तिची वेणी चारपेडी होती. सासूबाई डोळे ताणले जातील अशा दोन घट्ट वेण्या घालतात. नवऱ्याची मजल रबर बांधण्यापर्यंत. चारपेडी वेणी आमच्या घरात फक्त मला येते आणि तेवढा वेळ गोटी बसते तीही फक्त माझ्याच मांडीवर.

मी सासूबाईंना फोन लावला. "तिची वेणी कोणी घातली?"

"म्हणजे काय? तूच की गं मघाशी. जायच्या गडबडीत डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्यानंतर मी खिडकीतून हलले नाही. समोरून पलंगाची कड दिसायची आणि त्यावरून लोंबणारी निळी बाही. गोटी तिच्याशी बोलायची. बोलून थांबायची, ऐकायची, मान डोलवायची. दुपारी सासूबाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या आणि नवरा दुकानात होता. तेव्हा त्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. गोटीला झोपवताना मी काढते तेच, धड चाल नसलेलं. मी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून बघितला. गळा गप्प होता.

तेव्हाच ठरवलं, गाऊन इथे ठेवायचा नाही. बॅगेत टाकायचा आणि घेऊन जायचं. गोटी रडेल, पण निदान माझ्यासाठी रडेल.

निघायच्या दिवशी दुपारी गाडी येणार होती. नवरा दुकान बंद करून बॅग उचलायला येणार होता. मी समोरच्या घरात बॅग दाराशी आणून ठेवली. चेन अर्धी उघडीच ठेवली, गाऊनपुरती जागा मोकळी होती. प्रवासाचा नवा कुर्ता घालून मी गल्ली ओलांडली.

सासूबाई खुर्चीत पेंगत होत्या. आतल्या खोलीत गोटी लोडाला गाल लावून झोपली होती, बाहीची कड मुठीत. मी बटणं काढायला लागले. कापड गरम होतं. जिथे गोटीचा गाल होता तिथे असणारच, पण भिंतीकडच्या बाजूलाही गरम होतं. आतला लोड कमरेशी आत गेला होता. पूर्वी तो सरळसोट होता.

गाऊन निघाला, बाहीची कड मुठीतून सुटली आणि गोटी जागी झाली.

"आईला कुठे नेताय?"

"गोटी, मीच आई."

तिने माझ्याकडे बघितलं. मोठी माणसं उगाच काहीतरी सांगतात तेव्हा मुलं बघतात तसं, जरा कीव करत. मग तिचं लक्ष लोडाकडे गेलं. त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा अभ्रा उघडा पडला होता. तिचा खालचा ओठ हलायला लागला. पहिल्या दिवशी जिन्यात उभी राहून मी जे रडणं ऐकलं होतं, ते आता येणार होतं. आणि यावेळी ते माझ्यासाठी नसणार होतं.

गाऊन नेला तर ती दोन वर्षं दुसऱ्याच कोणासाठी रडेल. ठेवला तर रडणारच नाही. तिसरं काही मला सुचलं नाही. मी कुर्ता काढला आणि गाऊन अंगात घातला. आठवत होता त्यापेक्षा तो जास्त घट्ट बसला. लोड बाजूला ढकलून मी त्याच्या जागी आडवी झाले.

गोटी जवळ आली. माझ्या छातीशी नाक लावून तिने वास घेतला. हाताने चाचपत बाहीची कड शोधली.

"आई," ती म्हणाली.

"ओ."

"ती बाई गेली?"

"गेली."

"परत येणार?"

"नाही."

तिने मोठा श्वास सोडला आणि झोपली.

थोड्या वेळाने नवऱ्याची पावलं वाजली. तो दारात थांबला. अरे, मी इथे आहे, असं मी म्हणणार होते. पण त्याची नजर माझ्यावरून सरकली, पलंगावरून, उशीवरून सरकावी तशी. तो वाकला आणि चादर आमच्या छातीपर्यंत ओढली. मग खिडकीपाशी जाऊन दबक्या आवाजात म्हणाला, "चल गं, गाडी आली."

समोरच्या पडद्याआडून उत्तर आलं, "आले. एवढं कुलूप लावते."

आवाज माझा होता. घाईत असले की शेवटी जरा चिरकतो, तसा चिरकलासुद्धा. मी जमिनीकडे बघितलं. काढून टाकलेला कुर्ता तिथे नव्हता.

नवरा खाली गेला. समोरच्या जिन्यावर चपलांचा आवाज झाला. बॅगेची चाकं फरशीवर खडखडली. अरुंद गल्लीतलं बोलणं वर स्वच्छ ऐकू येतं.

"सगळं घेतलंस ना?"

"घेतलं."

"गोटीला भेटून जातेस?"

"नको. आत्ताच झोपलीये. उठली तर रडेल."

हेच मी म्हटलं असतं. गाडीचं दार उघडलं. ओरडायला मी श्वास भरून घेतला. गोटीच्या पापण्या थरथरल्या, कपाळावर आठी आली. मी ओरडले असते तर ती उठली असती, आणि उठून तिने मला बसा म्हटलं असतं तर? मी श्वास तसाच धरून ठेवला. आठी हळूहळू गेली.

दार लागलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी जरा थांबली आणि वळली.

गोटीने कूस बदलली. तिच्याबरोबर बाही गेली आणि बाहीबरोबर माझा हात.