वेंकटरावांच्या नावावरचं ओगराळं

वसंतावहिनींचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली होती आणि सुब्बारावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. हा माणूस रेल्वेच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसून निवृत्त झालेला. आलेल्या कागदाला उत्तर गेल्याशिवाय फाईल मिटायची नाही, असा त्यांचा शिरस्ता. पण शहरातल्याच अण्णा नगरहून नुंगंबाक्कमला आलेलं हे एक पत्र त्यांनी जाड शब्दकोशात घालून ठेवलं, आणि तेव्हापासून तो कोश उघडायचंही टाळलं.

पत्र चार ओळींचं होतं. 'पुस्तक वाचलं. चांगलं झालंय. स्वयंपाकघरातले जेवढे शब्द यांच्या नावावर छापलेत, ते माझे आहेत. पुढच्या वेळी दुरुस्त कराल का?' खाली सही, नुसती 'वसंता'.

'हे' म्हणजे वेंकटराव, सुब्बारावांचे थोरले मामेभाऊ. तंजावरहून इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांतली जुनी बोली टिपून ठेवावी, असं सुब्बारावांनी पंचवीस वर्षांपूर्वी मनावर घेतलं होतं. घरोघरी टेपरेकॉर्डर घेऊन जायचं, बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळींना बसवायचं आणि शब्द विचारायचे. बायका कॉफीचे पेले ठेवून आत जात. हे सगळं जमवण्यात आणि मग छापावं की नाही या विचारात सोळा वर्षं गेली. शेवटी इथल्या मराठी मंडळानं पुस्तक काढलं. कोणता शब्द कोणी सांगितला ते शब्दापुढे छापलं, आणि मागे एक्केचाळीस जणांची यादी दिली. एक्केचाळीसही पुरुष. सर्वांत जास्त शब्द वेंकटरावांचे, म्हणून मंडळाची शाल त्यांना मिळाली.

पत्र खरं मानायचं, तर ती शाल दुसऱ्या कोणाची होती असं थोरल्या भावाला सांगणं आलं. सुब्बारावांना बसमध्ये तिकीट मागतानाही संकोच वाटे. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की वहिनी म्हणतात खरं, पण पुरावा काय?

आता पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती. वेंकटराव मंडळाचे अध्यक्ष झाले होते. त्यांनी फोन करून बजावलं, की एकही अक्षर बदलायचं नाही, फक्त माझा फोटो घाला. प्रुफं सोमवारी द्यायची होती. त्याच आठवड्यात नात संयुक्ता जुन्या कॅसेटी संगणकावर घेत बसली होती. तिचं बोलणं बरंचसं तमिळ आणि इंग्रजीत चाले, मराठी अडखळत. एका सकाळी तिनं कानांवरचं यंत्र काढलं.

"ताता, मागे कोण बोलतंय?"

त्या मागच्या गलक्यावर सुब्बाराव तेव्हा किती चिडले होते. त्यांनी यंत्र कानांवर चढवलं. पुढे वेंकटरावांचा भारदस्त आवाज. स्वयंपाकातली भांडी विचारली होती. "भांडी म्हणजे... हं..." मग मान आत वळवून हळूच, "अगं, ते आमटी वाढायचं काय ते?" आतून लगेच उत्तर, "ओगराळं." आणि पुन्हा टेपरेकॉर्डरजवळ, सावकाश, जाणकाराच्या सुरात, "ओगराळं." रोवळीचं तसंच. वेळणीचं तसंच. ज्या माणसानं जन्मात ओगराळं हातात धरलं नव्हतं, त्याच्या नावावर ते नऊ वर्षं छापलेलं होतं.

संयुक्तानं पुढचा आवाज कमी करून मागचा मोठा केला. आत चार-पाच बायका बोलत होत्या. बाहेर पुरुष बोलत ते इस्त्री केलेलं मराठी, दर तिसरा शब्द ऑफिसातला इंग्रजी, आणि अडलं की तमिळ. पोटासाठी दिवसभर दुसऱ्यांच्या भाषा बोलून आलेले ते. आत मात्र बोली धावत होती. ज्यांना घराबाहेर फारसं कोणी विचारलं नाही, त्यांनी ती घरात ठेवून घेतली होती. मध्येच हशा झाला. कोणी म्हणत होती, दुपारची गाडी आजही उशिरा आली, आणि कपाट तर आज यंत्र घेऊन आलंय.

दारात कढीलिंब निवडत बसलेल्या पत्नीला, जयवंतीबाईंना, सुब्बारावांनी विचारलं, हे काय आहे? पंचेचाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच त्या लाजल्या.

"नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग चौघींत 'हे' म्हटलं तर कुणाचे हे, ते कळणार कसं? वसंतानं एकेकाला नाव पाडलं होतं. तिचे ते दुपारची गाडी."

"आणि कपाट?"

त्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहिल्या. संयुक्ता खो खो हसली.

कॅसेट पुढे चालूच होती. वसंतावहिनी विचारत होत्या, "तुझं कपाट कधी उघडतं का गं?" त्यावर जयवंतीबाईंचा तरुण आवाज आला, अगदी ताठ मानेचा: "उघडत नाही. पण आतला एक कागद इकडचा तिकडे होत नाही."

सुब्बारावांनी ते वाक्य तीनदा ऐकलं. त्यांच्याविषयी इतक्या अभिमानानं कोणी बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग ते उठले, कोश उघडला आणि पत्र बाहेर काढलं.

दोन दिवस तिघं कॅसेटी ऐकत बसली. जयवंतीबाई आवाज ओळखत, संयुक्ता लिहून घेई आणि प्रत्येक शब्द स्वतः म्हणून बघे. यादीत अठरा नावं वाढली, प्रत्येकीचं तिचं स्वतःचं. मग सुब्बाराव वसंतावहिनींना पत्र लिहायला बसले.

"फोन करा की," जयवंतीबाई म्हणाल्या.

"फोन दादा उचलतात."

"पत्रही तेच उघडतील."

"उघडू देत."

"आणि मंडळानं छापलंच नाही तर?"

सुब्बारावांनी पेनाचं टोपण काढलं. जयवंतीबाईच पुढे म्हणाल्या, "मग मी माझ्या तोंडानं घरोघर सांगीन. तसंच तर आजवर चाललंय."

सुब्बारावांनी लिहिलं: 'वहिनी, उत्तराला नऊ वर्षं लागली, क्षमा करा. शब्द तुमचेच आहेत, कॅसेटवर तुमचा आवाज आहे. प्रुफात आता तुमचं नाव घातलंय, आणखी सतरा जणींचंही. दादांचे शेतीचे शब्द खरोखर त्यांचे आहेत, ते त्यांच्याच नावावर राहतील. आपली बोली ज्यांच्यामुळे जिवंत राहिली, त्यांचा दीर म्हणवून घेताना मला अभिमान वाटतो.' सही केली, 'सुब्बाराव'. जरा विचार करून खाली लिहिलं, 'म्हणजे कपाट'.

त्या घरी जाणारं प्रत्येक पाकीट आजवर वेंकटरावांच्या नावानं जात असे. सुब्बारावांनी ठसठशीत अक्षरात 'श्रीमती वसंता' एवढंच लिहिलं आणि खाली पत्ता.

पोस्टाच्या लाल पेटीपाशी त्यांचा हात सवयीनं थांबला. सहीखालचं 'कपाट' तेवढं खोडून यावं का, असंही मनात आलं. मग त्यांनी पाकीट आत सोडलं, ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला, आणि ऑफिसात शिक्का मारताना म्हणत तसं पुटपुटले, "जावक."