चपलेचा बेडूक

मित्रांनो, मी बेडूक आहे, पण मला डराव डराव करता येत नाही. मी साळूबाईंच्या झिजलेल्या निळ्या स्लिपरचा आहे. करमाडजवळच्या एका गावात मी आधी सहा-सात वर्षं त्यांच्या पायात होतो. शेणामातीतून, काट्याकुट्यातून चाललो. पट्टा तुटला तेव्हा त्या मला उकिरड्यावर टाकायला निघाल्या आणि त्यांचे मालक पुंजारामबाबा ओट्यावरून ओरडले, "आगं, टाकू नगं! मरळीसाठी बेडूक व्हईल त्याचा."

"व्हईल, व्हईल. उद्या माझ्या लुगड्याचं बी कायतरी करा," असं म्हणत साळूबाईंनी मला त्यांच्यापुढे टाकलं.

बाबांनी मला ब्लेडनं कापलं. सायकलच्या ट्यूबचे पाय लावले, तापल्या खिळ्यानं डोळे पाडले आणि पोटाखाली दोन गळ बसवले. एक डोळा जरा कपाळात गेला. दिसायला मी काही देखणा निघालो नाही. पण पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला मी बेडूकच वाटायचो आणि बाबांना तेवढं पुरे होतं.

गावाच्या पाझर तलावात मरळी होत्या. मरळ म्हणजे सापासारख्या तोंडाचा, अंगावर पट्टे असलेला दांडगा मासा. ती काठच्या पाणकणसांच्या उंच गवतात दबा धरून बसते आणि मधूनमधून श्वास घ्यायला वर येते. बाबा बांबूच्या काठीला दोरी बांधून मला तिच्याजवळ फेकायचे आणि टुणूक टुणूक ओढायचे. पाणी फाटल्यासारखा आवाज व्हायचा आणि मी तिच्या जबड्यात असायचो. काठावर बसलेले कडुबा, बाबांचे जुने दोस्त, म्हणायचे, "पुंजा, तुझ्या बेडकाला तोड नाय."

घरी मासा अंगणात तीन दगडांच्या चुलीवर शिजायचा, वेगळ्या पातेल्यात. साळूबाईंच्या गळ्यात माळ होती. त्या चुलीकडे पाठ करून बसायच्या आणि तशाच विचारायच्या, "मीठ टाकलं का?"

माझं कौतुक व्हायचं तेव्हा मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? पण फसवण्यासाठीच मला बनवलं आहे, हेही मला ठाऊक होतं.

बाबांचा एक नियम होता. पहिला पूर आला की मला खुंटीवर टांगायचं आणि श्रावण सरेपर्यंत खाली काढायचं नाही. मुलगा सोमनाथ लहान असताना एकदा मला घ्यायला गेला, तर त्याच्या हातावर फटका बसला. "श्रावण सरल्याबिगर बेडकाला हात लावायचा नाय!" बाबांनी एवढंच सांगितलं. श्रावण महादेवाचा, म्हणून असेल, असं सोमनाथनं धरून घेतलं.

खरं कारण मला माहीत होतं. एका वर्षी पाऊस लवकर झाला होता आणि आखाडात बाबा मला घेऊन तलावावर आले होते. कणसांपाशी पाण्यावर मूठभर लाल ठिपके वळवळत होते. ती मरळीची पिल्लं होती. खाली आईबाप पहारा देत होते. कडुबा "टाक की" म्हणाले. बाबांनी मला फेकलं नाही. मला गुंडाळलं, घरी आणलं आणि तेव्हापासून हा नियम सुरू झाला.

पुढे तलावात दुसऱ्या माशांची पिल्लं खाणारा चिलापी मासा माजला. एका उन्हाळ्यात पाणी पार डबक्याएवढं उरलं. त्यानंतर मरळीची एकच जोडी श्वास घ्यायला वर येताना दिसे. बाबांनी मला खुंटीवर टांगलं ते टांगलंच. "बीजापुरती राहू दे," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. सोमनाथ तेव्हा शेंद्र्याच्या कंपनीत पाळीवर असायचा. त्याला हे कुणी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. संभाजीनगरच्या दवाखान्यातून ते घरी आले, पण जखम लवकर भरेना. अन्न तोंडाजवळ नेलं की ते मान फिरवायचे. सोमनाथचा जीव टांगणीला लागला. कुणीतरी त्याला मरळीचा रस्सा पाजायला सांगितलं. श्रावण चालू होता. तो पोरगा कॅलेंडरवर रोज खूण करत थांबला. पोळा झाला, बैलांची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला खुंटीवरून काढलं.

पण त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. कॅलेंडर पुढे गेलं होतं आणि तलाव मागे राहिला होता. कणसांपाशी पाणी लाल दिसत होतं. मासा इथंच आहे, एवढं सोमनाथला कळलं आणि त्यानं मला नेमकं त्या लाल ठिपक्यांत फेकलं. मला ओरडावंसं वाटलं. मरळ अशी धावली की दोरी हातात करकचली.

"लई भुकेली व्हती!" रस्सा वाढताना सोमनाथ सांगत होता.

बाबा दोन वाट्या रस्सा प्यायले. कित्येक दिवसांनी त्यांच्या कपाळावर घाम आला. साळूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाबांनी सहज विचारलं, "कुठं घावली रे?"

"कणसांपाशी, आबा. पाणी लालेलाल झालं व्हतं, तिथंच टाकला."

वाटी बाबांच्या हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते कुणाचं न ऐकता सोमनाथच्या गाडीवर बसून तलावावर गेले. मी सोमनाथच्या खिशात होतो. पिल्लांवर चिलाप्यांची झुंबड उडाली होती. उरलेली मरळ एकटी इकडून तिकडे धावत होती. संध्याकाळपर्यंत एकही लाल ठिपका उरला नाही.

"भुकेली नव्हती रे ती," बाबा म्हणाले. "पिल्लांपसून बेडकाला हाकलाय आली व्हती."

सोमनाथचा चेहरा उतरला. "आबा, श्रावण तर सरला व्हता. म्या मोडला नाय."

"व्हय, तू नाय मोडला. म्या तुला नुसता श्रावण सांगितला. का, ते नाय सांगितलं."

त्यांनी पक्कड मागवली आणि माझ्या पोटाखालचे दोन्ही गळ काढून टाकले. महिन्याभरात त्यांची जखम भरून आली. लोक म्हणतात, रश्श्याचा गुण आला. बाबा तिथून उठून जातात. उरलेली मरळ या उन्हाळ्यापर्यंत दिसायची. आता पाऊस होऊन तलाव काठोकाठ भरला आहे, पण श्वास घ्यायला कुणी वर येत नाही.

मित्रांनो, मोठ्यांनी तुम्हाला काही करू नका म्हटलं, तर ऐका. पण का, ते विचारा. आणि तुम्ही मोठे झालात की धाकट्यांना नुसता फटका देऊ नका. मला सगळं माहीत होतं, पण मला तोंड नव्हतं. त्या बापलेकांना होतं.